पायऱ्यांवरचे मालक

फुटबॉल क्लबचा पाठीराखा तिकीट काढतो, जर्सी विकत घेतो, सामने दाखवणाऱ्या वाहिनीचे पैसे भरतो. जमाखर्चाच्या वहीत तो गिऱ्हाईक म्हणूनच नोंदला जातो. पण वाण्याने भाव वाढवले की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते. लिव्हरपूलचा पाठीराखा तिकीट महागले म्हणून त्याच शहरातल्या एव्हर्टनच्या मैदानावर जाऊन बसत नाही. क्लब त्याला बहुधा घरातूनच मिळालेला असतो, आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून त्याच्याकडे, आडनावासारखा. या निष्ठेचा मालकांना मोठा फायदा होतो, कारण माल कितीही खराब निघाला तरी हा माणूस परत येणार हे त्यांना ठाऊक असते. मात्र ज्याला सोडून जाता येत नाही तो आत राहून भांडतो. तिकीटदरांपासून क्लबच्या मालकीपर्यंत आणि पोलिसांच्या जबाबदारीपर्यंत पसरलेली पाठीराख्यांची चळवळ या एका गाठीतून सुरू होते.

क्लब आपला आहे ही भावना पोकळ नाही. तिला इतिहासाचा आधार आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या गिरण्या-कारखान्यांत शनिवारी दुपारी सुट्टी मिळू लागली आणि त्या मोकळ्या वेळात फुटबॉल वाढला. आजचा मँचेस्टर युनायटेड 1878 मध्ये न्यूटन हीथ येथील रेल्वे कामगारांनी सुरू केला. वेस्ट हॅमचे मूळ 1895 च्या थेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणी कारखान्याच्या संघात आहे, तर एव्हर्टनचे एका चर्चच्या संघात. खर्च वाढला तसे हे संघ कंपन्या झाले. तरी इंग्लिश फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या फुटबॉल असोसिएशनने लाभांशावर मर्यादा घालून ठेवली होती. क्लब चालवणे ही गावची सेवा आहे, कमाईचे साधन नाही, असा तो संकेत होता. 1983 मध्ये टॉटनहॅमने वर एक वेगळी कंपनी उभी करून ही मर्यादा ओलांडली आणि तो शेअर बाजारात उतरला. तिथून क्लबकडे पाहण्याची धनिकांची दृष्टी बदलत गेली. पाठीराख्यांची दृष्टी तीच राहिली, आणि पुढचे बहुतेक संघर्ष या दोन दृष्टींमधल्या दरीत घडले.

सामना पाहण्याची पद्धतही सुरुवातीपासून सामूहिक होती. गोलखांबांमागच्या उतरत्या पायऱ्यांवर हजारो लोक खांद्याला खांदा लावून उभे राहत. तिथले तिकीट स्वस्त आणि आवाज मोठा. लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावरचा असा चढ ‘कॉप’ म्हणून ओळखला जातो. हे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या स्पिऑन कॉप टेकडीवरून आले. जानेवारी 1900 मध्ये बोअर युद्धातल्या तिथल्या लढाईत लँकेशायरचे अनेक सैनिक मारले गेले होते. लिव्हरपूलच्या खलाशी आणि गोदी कामगारांच्या पोरांनी 1960 च्या दशकात या कॉपवर रेडिओवरची लोकप्रिय गाणी एकसुरात गाण्याची प्रथा पाडली, आणि ती जगभर गेली.

इटलीत याच दशकाच्या शेवटी दुसरी परंपरा जन्मली, ‘अल्ट्रा’ गटांची. मिलानचा असा एक गट 1968 मध्ये स्थापन झाला. अल्ट्रांच्या स्टँडमध्ये ढोल असतात, स्टँडभर पसरणारे कापडी फलक असतात, रंगीत धूर असतो, आणि सर्वांत पुढे कठड्यावर चढलेला म्होरक्या असतो. भोंगा हातात घेऊन तो नव्वद मिनिटे घोषणा देतो, आणि गर्दीला तोंड द्यायचे म्हणून सामन्याकडे पाठ करून उभा राहतो. ज्या खेळावर जीव टाकायचा तोच न पाहणारा हा माणूस या संस्कृतीचे सार सांगतो: इथे पाहण्यापेक्षा भाग घेणे मोठे असते.

या जमावाची काळी बाजू झाकून चालणार नाही. 1970 आणि 80 च्या दशकांत इंग्लंडमध्ये सामन्यांच्या दिवशी मारामाऱ्या नेहमीच्या झाल्या होत्या. कृष्णवर्णीय खेळाडूंवर केळी फेकली जात. 29 मे 1985 रोजी ब्रसेल्सच्या हायझेल मैदानावर लिव्हरपूलच्या पाठीराख्यांनी युव्हेंटसच्या पाठीराख्यांवर चाल केली, भिंत कोसळली आणि 39 जण मेले. इंग्लिश क्लबांना युरोपातून हद्दपार करण्यात आले. ब्रिटिश सरकारने मग प्रत्येक प्रेक्षकाकडे गुन्हेगार म्हणून पाहायला सुरुवात केली. मैदान आणि पायऱ्या यांच्यामध्ये उंच लोखंडी जाळ्या आधीच लागल्या होत्या. आता ओळखपत्राची सक्ती करणारा कायदा येऊ घातला. याच 1985 साली लिव्हरपूलमध्ये फुटबॉल सपोर्टर्स असोसिएशन स्थापन झाली. वेगवेगळ्या क्लबांचे पाठीराखे एका व्यासपीठावर येऊन सांगू लागले की दंगेखोर मूठभर आहेत आणि त्यांच्यामुळे लाखोंना पिंजऱ्यात घालू नका. पिंजरा हा शब्द अलंकारिक नव्हता, हे चार वर्षांत सिद्ध झाले.

15 एप्रिल 1989 रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात एफए कपचा उपांत्य सामना होता. लिव्हरपूलच्या हजारो लोकांना लेपिंग्ज लेन बाजूच्या थोड्याशा फिरत्या दारांतून आत जायचे होते. तीनच्या सुमारास सामना सुरू व्हायचा, आणि बाहेर गर्दी तुंबत गेली. सामन्याचा बंदोबस्त सांभाळणारे पोलीस अधिकारी डेव्हिड डकेनफील्ड यांनी बाहेर पडण्याचे एक मोठे दार उघडण्याचा आदेश दिला. आत शिरलेला लोंढा समोर दिसणाऱ्या बोगद्यात गेला. तो बोगदा मधल्या दोन कप्प्यांत उतरत होता, आणि ते कप्पे आधीच खच्चून भरले होते. बाजूचे कप्पे रिकामे होते. बोगद्याच्या तोंडाशी चार पोलीस उभे करून लोकांना तिकडे वळवता आले असते. तसे झाले नाही. पुढे जाळी, मागे रेटा. तीन वाजून सहा मिनिटांनी सामना थांबवला गेला, तोवर माणसे उभ्या उभ्या गुदमरत होती. प्रेक्षकांनी जाहिरातींचे फलक उचकटून त्यांचे स्ट्रेचर केले आणि जखमींना वाहून नेले. मृतांची संख्या शेवटी 97 झाली; शेवटचा मृत्यू त्या दिवशीच्या जखमांमुळे 2021 मध्ये झाला. सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता.

यानंतर जे घडले ते चेंगराचेंगरीइतकेच भयंकर होते. पाठीराख्यांनी दार फोडले, असे डकेनफील्ड यांनी त्याच दुपारी फुटबॉल असोसिएशनच्या अधिकाऱ्याला सांगितले. चार दिवसांनी ‘द सन’ या दैनिकाने पहिल्या पानावर छापले की लिव्हरपूलच्या लोकांनी मृतांचे खिसे कापले आणि मदत करणाऱ्या पोलिसांवर लघवी केली. हे सगळे खोटे होते. लॉर्ड न्यायमूर्ती टेलर यांनी ऑगस्टमध्येच आपल्या अंतरिम अहवालात मुख्य दोष पोलिसी नियंत्रणावर ठेवला. तरी 1991 मध्ये मृत्युचौकशीच्या ज्यूरीने ‘अपघाती मृत्यू’ असा निकाल दिला. त्या चौकशीत दुपारी सव्वातीननंतरचे पुरावे विचारातच घेतले गेले नाहीत, कारण तोवर सगळ्यांचे प्राण वाचण्यापलीकडे गेले होते असे गृहीत धरले गेले. म्हणजे नंतरच्या ढिसाळ मदतकार्याबद्दल कोणाला प्रश्नच विचारायचा नाही.

मृतांच्या कुटुंबांनी आणि पाठीराख्यांनी हा निकाल मानला नाही. लढा 27 वर्षे चालला, आणि तो चालवणारे बहुतेक लोक साध्या नोकरीधंद्यातले, कायद्याचे कसलेही शिक्षण नसलेले आई-बाप आणि भावंडे होती. अ‍ॅन विल्यम्स यांचा पंधरा वर्षांचा मुलगा केविन तिथे गेला. सव्वातीननंतरही तो जिवंत होता हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी साक्षीदार शोधून काढले आणि अर्जांमागून अर्ज केले. शहर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. दुर्घटनेनंतर आठवडाभरात एव्हर्टन आणि लिव्हरपूल या कट्टर प्रतिस्पर्ध्यांच्या पाठीराख्यांनी दोन्ही मैदानांमधल्या स्टॅन्ली पार्कमध्ये निळ्या-लाल मफलरांची मैलभर लांब साखळी बांधली होती. ‘द सन’वरचा बहिष्कार तर आजही मोडलेला नाही, मर्सीसाइडमधले अनेक वृत्तपत्र विक्रेते तो अंक दुकानात ठेवत नाहीत. तीन दशकांहून अधिक काळ एखाद्या शहराने रोज सकाळी न चुकता केलेले हे काम आहे, आणि त्यासाठी कुठलीही समिती दारोदार फिरत नाही.

2009 मध्ये विसाव्या स्मृतिदिनी मंत्री अँडी बर्नहॅम अ‍ॅनफिल्डवर बोलायला उभे राहिले, तेव्हा कॉपवरून न्यायाची घोषणा सुरू झाली आणि त्यांना भाषण थांबवावे लागले. या घटनेने सरकार हलले. बिशप जेम्स जोन्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली गेली. 12 सप्टेंबर 2012 च्या तिच्या अहवालातून कळले की पोलिसांचे 164 जबाब दुरुस्त केले गेले होते आणि त्यांतल्या 116 जबाबांतून पोलिसांना अडचणीची वाक्ये काढून टाकली होती. वेळेवर मदत मिळाली असती तर 41 जण वाचण्याची शक्यता होती, असेही निघाले. पंतप्रधान डेव्हिड कॅमरून यांनी संसदेत माफी मागितली, जुना निकाल रद्द झाला. अ‍ॅन विल्यम्स एप्रिल 2013 मध्ये कर्करोगाने गेल्या; नवी चौकशी सुरू झालेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. 26 एप्रिल 2016 रोजी नव्या ज्यूरीने सांगितले की हे मृत्यू बेकायदा मनुष्यवधाने झाले आणि पाठीराख्यांचा त्यात काडीचाही दोष नव्हता. शिक्षा मात्र बंदोबस्ताच्या प्रमुखाला झाली नाही. 2019 मध्ये डकेनफील्ड फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटले. सरकारी अधिकाऱ्यांवर चौकशीत खरे बोलण्याचे बंधन घालणारे ‘हिल्सबरो कायदा’ या नावाने ओळखले जाणारे विधेयक ब्रिटिश सरकारने सप्टेंबर 2025 मध्ये संसदेत मांडले.

हिल्सबरोने इंग्लिश मैदानेही बदलली. टेलर यांच्या अंतिम अहवालानंतर जाळ्या निघाल्या, ओळखपत्रांचा बेत गुंडाळला गेला आणि वरच्या श्रेणीच्या क्लबांना सगळीकडे खुर्च्या बसवाव्या लागल्या. 1992 मध्ये प्रीमियर लीग आली, दूरचित्रवाणीचा पैसा आला. खुर्च्यांबरोबर तिकीटही महागले आणि पूर्वी पायऱ्यांवर उभा राहणारा कामगार हळूहळू बाहेर ढकलला गेला. 6 फेब्रुवारी 2016 रोजी याची चुणूक दिसली. लिव्हरपूलने पुढच्या हंगामासाठी 77 पौंडांचे तिकीट जाहीर केले होते. संडरलँडविरुद्धच्या सामन्यात 77 व्या मिनिटाला सुमारे दहा हजार प्रेक्षक उठून निघून गेले. संघ तेव्हा 2-0 ने पुढे होता. सामना 2-2 असा सुटला. चार दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांसाठी प्रीमियर लीगने त्याच वर्षी 30 पौंडांची कमाल मर्यादा घातली, तीही अनेक वर्षांच्या मोहिमेनंतर. उभ्याने सामना पाहण्याची परवानगी मात्र सुरक्षित कठड्यांसह परत यायला 2022 उजाडावे लागले.

तिकिटापेक्षा मोठा प्रश्न मालकीचा. मालकाने क्लब उचलून दुसऱ्या गावी नेला तर? लंडनच्या नैर्ऋत्येकडच्या विम्बल्डन क्लबच्या बाबतीत हे खरोखर घडले. 1889 मध्ये स्थापन झालेला हा छोटा क्लब चढत चढत पहिल्या श्रेणीत गेला आणि 1988 मध्ये त्याने बलाढ्य लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकला. 1991 मध्ये मालकांनी प्लाऊ लेन हे जुने मैदान सोडले आणि संघ दुसऱ्या क्लबच्या मैदानावर भाडेकरू झाला. शेवटी त्यांनी क्लब सुमारे 90 किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्स या नव्या शहरात न्यायचे ठरवले. 28 मे 2002 रोजी फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या तीन सदस्यांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मताने परवानगी दिली. पाठीराख्यांनी नवा क्लब काढणे फुटबॉलच्या व्यापक हिताचे होणार नाही, असेही मत निकालात नोंदले गेले.

दोन दिवसांत पाठीराख्यांनी नवा क्लब काढला. एएफसी विम्बल्डनसाठी खेळाडू हवे होते, म्हणून जूनमध्ये विम्बल्डन कॉमन या सार्वजनिक माळावर खुली निवड चाचणी ठेवली. सव्वादोनशेहून अधिक मुले आली. संघाला नवव्या श्रेणीच्या स्थानिक लीगमध्ये जागा मिळाली. जुलैमध्ये पहिला मैत्रीपूर्ण सामना 4-0 ने हरला, पण तो पाहायला साडेचार हजारांवर लोक होते, आणि सामना संपल्यावर त्यांनी मैदानात धावत जाऊन हरलेल्या खेळाडूंना उचलून घेतले. नऊ वर्षांत पाच बढत्या मिळवून 2011 मध्ये हा क्लब राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये परतला. पाठीराख्यांच्याच न्यासाकडे त्याची बहुतांश मालकी आहे. मैदानासाठी पैसे कमी पडले तेव्हा बाहेरचा गुंतवणूकदार आणण्याचा प्रस्ताव पुढे आला. त्याऐवजी पाठीराख्यांनी रोखे काढून पन्नास लाख पौंडांहून अधिक रक्कम आपापसात उभी केली. नोव्हेंबर 2020 मध्ये प्लाऊ लेनवर, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, नवे स्टेडियम सुरू झाले. कोविडमुळे पहिल्या सामन्याला एकही प्रेक्षक आत नव्हता. अठरा-एकोणीस वर्षे ज्या क्षणासाठी वर्गण्या भरल्या, तो क्षण त्यांनी घरातल्या पडद्यावर पाहिला.

मँचेस्टरमध्येही असेच घडले. ग्लेझर कुटुंबाने 2005 मध्ये कर्ज काढून मँचेस्टर युनायटेड विकत घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच अंगावर टाकले. तेव्हा काही पाठीराख्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा सभासदांच्या मालकीचा क्लब काढला. बाकीच्यांनी 2010 मध्ये लाल रंग बाजूला ठेवून हिरवे-सोनेरी मफलर गळ्यात घातले. ते न्यूटन हीथचे, रेल्वे कामगारांच्या मूळ संघाचे रंग होते.

इंग्लंडमध्ये जे मोडल्यावर जोडावे लागले, ते जर्मनीत नियमांतच होते. जर्मन क्लब म्हणजे मराठी वाचकाला चटकन कळेल असे नोंदणीकृत मंडळ: सभासद, वर्षाची वर्गणी, सर्वसाधारण सभा, एका सभासदाला एक मत. 1998 मध्ये या मंडळांना आपला व्यावसायिक फुटबॉल विभाग कंपनीत बदलण्याची मुभा मिळाली. अट एकच होती: कंपनीतली निम्मी मते आणि वर एक मत मूळ मंडळाकडेच राहिले पाहिजे. हाच ‘पन्नास अधिक एक’ नियम. पैसेवाला कितीही पैसे ओतो, निर्णय सभासदांचा. औषध कंपनीने उभारलेला बायर लेव्हरकुझेन आणि मोटार कंपनीचा वोल्फ्सबर्ग यांना अपवाद म्हणून सूट आहे. 2009 मध्ये एका पेय कंपनीने स्थापन केलेल्या लाइपझिगच्या क्लबने मत देणारे सभासदच मोजके ठेवून नियमाचा शब्द पाळला आणि हेतू मारला. म्हणून हा क्लब जर्मन पाठीराख्यांना सर्वांत नकोसा आहे.

मालकी हातात असली की वागणे कसे बदलते, हे पूर्व बर्लिनच्या युनियन क्लबने दाखवले. 2004 मध्ये परवाना वाचवायला पैसे हवे होते, तेव्हा पाठीराख्यांनी रक्तदान केले आणि त्यासाठी मिळणारा मोबदला क्लबला दिला. 2008-09 मध्ये मोडकळीला आलेले स्टेडियम बांधायचे होते. दोन हजारांहून अधिक पाठीराख्यांनी हातात फावडी घेतली आणि सुमारे 1,40,000 तासांचे श्रमदान केले. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये आजही जवळपास 25,000 लोक उभे राहून सामना पाहतात, आणि जर्मन तिकिटे इंग्लंडच्या तुलनेत स्वस्त आहेत. सभासदांना मत आहे, म्हणून दर आवाक्यात आहेत.

मताबरोबर आवाजाचे हत्यारही जर्मन पाठीराखे जाणीवपूर्वक वापरतात. 2012 च्या हिवाळ्यात सुरक्षेचे कडक नियम येऊ घातले होते. 12 डिसेंबरला मतदान होणार म्हणून देशभरच्या स्टँडनी प्रत्येक सामन्याची पहिली 12 मिनिटे आणि 12 सेकंद संपूर्ण मौन पाळले. नियम तरीही मंजूर झाले, पण ते मौन ऐकून क्लबांना कळले की दूरचित्रवाणीवर ते जो माल विकतात त्यातला निम्मा तर पायऱ्यांवर तयार होतो. डिसेंबर 2023 मध्ये लीगने प्रसारण हक्कांच्या उत्पन्नातला हिस्सा खासगी गुंतवणूकदाराला विकण्याचा ठराव केला. 36 पैकी नेमक्या 24 क्लबांची मते बाजूने पडली, म्हणजे लागणारे दोन-तृतीयांश बहुमत काठावर मिळाले. हॅनोव्हरच्या प्रतिनिधीला त्याच्या मूळ मंडळाने विरोधात मत द्यायला सांगितले होते. त्याने ते धुडकावले असा दाट संशय होता. मतदान गुप्त होते. मग आठवड्यामागून आठवडे मैदानांवर टेनिसचे चेंडू आणि सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी पडू लागली. एकदा रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाड्या रंगीत धूर सोडत गवतावर फिरल्या. सामने वारंवार थांबले. कोणालाही इजा झाली नाही. 21 फेब्रुवारी 2024 रोजी लीगने बेत सोडून दिला. पाठीराख्यांच्या चळवळीत इतकी शिस्तशीर मोहीम क्वचितच झाली असेल.

18 एप्रिल 2021 च्या रात्री युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी ‘सुपर लीग’ जाहीर केली. तिच्यात संस्थापकांचे स्थान कायम राहणार होते; हरले तरी बाहेर पडण्याची भीती नाही. त्यांत सहा इंग्लिश क्लब होते. बायर्न आणि डॉर्टमुंड हे जर्मन क्लब नव्हते, आणि सभासदांना तोंड दाखवायचे असल्यामुळे त्यांना सामील होणे सोपेही नव्हते. दोन दिवसांनी चेल्सीच्या पाठीराख्यांनी मैदानाबाहेर संघाची बस अडवली. माजी गोलरक्षक पेत्र चेक त्यांची समजूत घालायला रस्त्यावर आला. त्याच रात्री सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. 2 मे रोजी मँचेस्टर युनायटेडचे पाठीराखे ओल्ड ट्रॅफर्डमध्ये घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला.

या उठावाला कायद्याचे रूप मिळायला चार वर्षे लागली. सरकारने नेमलेल्या ट्रेसी क्राऊच यांच्या समितीने नोव्हेंबर 2021 मध्ये 47 शिफारशी केल्या आणि जुलै 2025 मध्ये इंग्लंडचा फुटबॉल प्रशासन कायदा मंजूर झाला. आता एक स्वतंत्र नियामक आहे. मैदान विकायचे किंवा हलवायचे तर त्याची मंजुरी लागते. बोधचिन्ह किंवा जर्सीचे मुख्य रंग बदलायचे तर पाठीराख्यांचा कौल लागतो. कार्डिफच्या मालकाने 2012 मध्ये निळ्या संघाला लाल कपडे चढवले होते, आणि ते उतरवायला लोकांना अडीच वर्षे झगडावे लागले होते. मालकी मात्र जर्मनीसारखी सभासदांकडे आलेली नाही. कोट्यवधी पौंडांना विकल्या गेलेल्या क्लबांच्या बाबतीत ती येईल असेही दिसत नाही.

भारतात या गोष्टीची पाळेमुळे कोलकात्यात आहेत. 29 जुलै 1911 रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 ने हरवून आयएफए शील्ड जिंकली. वंगभंगाच्या काळात एका भारतीय संघाने, बहुतेक अनवाणी खेळून, गोऱ्या पलटणीला हरवले होते. 1920 मध्ये निघालेला ईस्ट बंगाल हा पूर्व बंगालमधून आलेल्यांचा क्लब झाला आणि फाळणीनंतर निर्वासितांच्या लोंढ्याने त्याला वेगळीच धार आली. मोहन बागान जिंकला की कोळंबी आणि ईस्ट बंगाल जिंकला की इलिश, हा कोलकात्याच्या मासळी बाजाराचा जुना ठोकताळा आहे. या वैराने बळीही घेतले. 16 ऑगस्ट 1980 रोजी ईडन गार्डन्सवर दोघांच्या सामन्यात झालेल्या मारामारी-चेंगराचेंगरीत 16 प्रेक्षक मेले.

महाराष्ट्रात याला जवळचे काही असेल तर ते कोल्हापुरात. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ ही संघांची नावेच सांगतात की ते पेठेचे आणि तालमीचे आहेत, कोणा शेठचे नाहीत. राजर्षी शाहू स्टेडियमवर पेठेच्या पेठा लोटतात. इथेही कधी कधी हुल्लडबाजी होते, आणि ती खेळाला मारक ठरते. तरी जर्मन लोक ज्याला नियमाने जपतात ते मंडळाचे नाते कोल्हापूरने लेखी नियमाविना पिढ्यान्‌पिढ्या टिकवले आहे. मुंबईत चित्र वेगळे. जून 2018 मध्ये अंधेरीच्या मैदानावर भारतीय संघाचा सामना पाहायला अवघे 2,569 लोक आले. कर्णधार सुनील छेत्रीने हात जोडून प्रेक्षकांना यायचे आवाहन केले आणि दोन दिवसांनी त्याच्या शंभराव्या सामन्याला मैदान भरून गेले.

2020 मध्ये मोहन बागानचा फुटबॉल विभाग एटीके या व्यावसायिक संघात विलीन झाला. 80 टक्के हिस्सा उद्योगसमूहाकडे, 20 टक्के जुन्या क्लबकडे. संघाचे नाव एटीके मोहन बागान झाले. नावाच्या पुढे लागलेली ती तीन अक्षरे काढा, एवढीच पाठीराख्यांची मागणी होती. त्यासाठी त्यांनी मोर्चे काढले, फलक धरले, सामन्यांवर बहिष्कार टाकला. 18 मार्च 2023 रोजी गोव्यात, मडगावच्या फातोर्डा मैदानावर, संघाने लीगचे विजेतेपद मिळवले, आणि तिथेच मालक संजीव गोएंका यांनी एटीके हे नाव जाणार असल्याचे जाहीर केले. हिस्सेदारी होती तशीच राहिली.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला आणि कोलकाता रस्त्यावर उतरले. 18 ऑगस्टला ड्युरँड कपमध्ये मोहन बागान आणि ईस्ट बंगाल समोरासमोर येणार होते. स्टँडमध्ये न्यायाचे फलक लागणार हे उघड होते. सुरक्षेचे कारण देऊन सामना रद्द करण्यात आला. तरीही ठरलेल्या दिवशी दोन्ही क्लबांचे लोक सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर जमले, मोहम्मडन स्पोर्टिंगचेही आले. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, काहींना पकडले. मोहन बागानचा कर्णधार शुभाशिष बोस गर्दीत होता. त्या संध्याकाळचे एक छायाचित्र देशभर फिरले: ईस्ट बंगालची जर्सी घातलेल्या माणसाच्या खांद्यावर मोहन बागानचा पाठीराखा बसला आहे आणि घोषणा देतो आहे.